यादीतलं बारावं नाव

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी इंदुरात, पोलोग्राउंडवरच्या आमच्या कारखान्यात होतो. हातात मायक्रोमीटर होता आणि समोर पंपाच्या शाफ्टची पेटी. प्रत्येक पेटीतले पाच नग मोजायचे, मापं रजिस्टरात लिहायची, खाली सही करायची, हे काम मी सव्वीस वर्षं करतो आहे. तिसरा नग मोजून झाला होता. मुग्धा, माझी पुतणी, एवढंच म्हणाली, "काका, आई गेली." मी "येतो" म्हटलं आणि फोन खिशात ठेवला. मग उरलेले दोन नग मोजले. असं का केलं ते मला सांगता येत नाही... हातांना सवय होती, हात चालत राहिले. त्या दिवशीच्या पानावर चौथ्या आणि पाचव्या नगाची मापं माझ्याच अक्षरात आहेत आणि ती बरोबर आहेत. नंतर मी पुन्हा मोजून पाहिली.

वहिनींना जाऊन आता सात आठवडे झाले. त्यांना गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. वय चौपन्न. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मी सांगणार आहे, पण त्याआधी एक गोष्ट लिहायला हवी. ती वगळून बाकी काहीही लिहिलं तर तो खोटा कागद होईल. अडीच वर्षांपूर्वी वहिनींनी या आजाराची तपासणी करून घेतली होती. तपासणीत दोष दिसला होता. ते कळवण्यासाठी फोनही आला होता. तो फोन मी उचलला होता, आणि राँग नंबर म्हणून ठेवून दिला होता.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. वहिनी इंदूरजवळच्या देपालपूरच्या. त्यांचे वडील तिथल्या शाळेत गणित शिकवत. आमच्या घरची रीत अशी होती की लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं आणि त्या दिवसापासून घरानं तिला त्याच नावानं ओळखायचं. इंदुरातल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत तेव्हा हेच चाले. आईचं नाव असंच बदललं होतं, आजीचंही. त्यांची आधीची नावं काय होती हे आम्हां मुलांना कोणी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. दादाला नवं नाव काही सुचेना. तो इंदुरी ढंगात मला म्हणाला, "तूच बघ रे भिया, याद्या करायची हौस तुला आहे." मी खरोखरच यादी केली. वहीच्या मधल्या पानावर तीन रकाने पाडले : नाव, अर्थ, आणि दादाच्या नावाला जोडून म्हटलं तर कसं वाटतं त्याचे दहापैकी गुण. अकरा नावं झाली. दादानं चौथ्यावर बोट ठेवलं. अनुराधा. मी त्याला आठ गुण दिले होते. जिचं नाव बदलायचं तिला विचारावं, हे आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलं नाही.

लग्नानंतर दोनतीन वर्षांनी, दिवाळीच्या साफसफाईत, ती वही वहिनींच्या हाती लागली. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी अकराच्या अकरा नावं गुणांसकट मोठ्यानं वाचली. आई हसून हसून खाली बसली. मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, अकरा नावं लिहिलीत. बारावं माझंच लिहायचं होतं ना. नऊ तर मिळालेच असते त्याला." मीही हसलो. ते बारावं नाव काय, हे मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हाच ते मला आठवत नव्हतं. लग्नाच्या दोनशे दहा पत्रिका मीच सायकलवरून घरोघर वाटल्या होत्या, आणि प्रत्येक पत्रिकेवर ते नाव छापलेलं होतं.

अनुराधा म्हणून तरी त्यांना कोण हाक मारायचं? दादा "अगं" म्हणायचा. आई "सूनबाई" म्हणायची. मी वहिनी म्हणायचो, पुढे मुग्धा आई म्हणू लागली, माझी बायको वर्षा घरात आली ती ताई म्हणू लागली. त्या सगळ्यांना ओ देत. त्यांनी कोणाला ताटकळत ठेवलेलं मला आठवत नाही.

मी आज जे काही काम करतो ते वहिनींमुळे. वडील गेले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा नापास झालो होतो. घरात कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. वहिनी पोळ्या लाटता लाटता मला समोर पाटावर बसवून गणितं सोडवायला लावायच्या. हात कणकेचे, त्यामुळे चूक कुठे आहे ते लाटण्याच्या टोकानं दाखवायच्या. "गुणाकार चुकत नाही तुमचा, घाई चुकते," हे त्यांचं निदान होतं आणि ते आजही खरं आहे. पदवीचा नाद सोडून मोजमापाचा कोर्स करा, हे त्यांनीच सुचवलं. दादा म्हणाला, पदवीशिवाय कोण विचारतो. वहिनी म्हणाल्या, "यांना दुसऱ्याच्या चुका काढायची आवड आहे, त्याची नोकरी असते की नाही कुठे?" अशी नोकरी असते. सव्वीस वर्षं मी तीच करतो आहे. कारखान्यात माझ्या सहीशिवाय पेटी हलत नाही, हे मी एकदा जरा ऐटीत सांगितलं, तर म्हणाल्या, "ठीक आहे, पण इथे पोळीचा घेर मोजत बसू नका, गरम आहे तोवर खा."

पुढे आम्ही दोन गल्ल्या सोडून वेगळं घर केलं, तरी रविवारचे पोहे त्यांच्याकडेच. साड्यांना फॉल लावायचं काम त्या घरी करत. शेजारणी येऊन बसत, हिंदीत गप्पा चालत, मधेच मला मराठीत टोमणा, आणि राग आला की थेट माळवी. त्यांचा राग पाच मिनिटांचा. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं आणि ते सांगितल्यावर आणखी पाच मिनिटं वाढली होती.

मी पहिला मोबाइल घेतला तेव्हा माझा नंबर त्यांनी एकदा ऐकून पाठ केला. मास्तरांची मुलगी, आकडे डोक्यात पक्के बसत. तेव्हापासून गॅसची टाकी असो, मुग्धाची शाळा असो, शिलाई मशिनवाला असो, कुठल्याही कागदावर त्या माझाच नंबर देत. त्यांचा स्वतःचा फोन पुढे आला, पण तो फ्रिजवर पडलेला असे आणि त्याचा नंबर त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हता. "स्वतःला कोण फोन करतं? तुमचा कधी बंद नसतो, आणि तुम्ही उत्तरही नीट देता," असं त्या म्हणत. मला याचा अभिमान होता. गॅसवाल्यानं विचारलेलं, मशिनवाल्यानं कळवलेलं, मी शब्द न बदलता त्यांच्यापर्यंत पोचवत असे. इतक्या वर्षांत माझ्याकडून एकही निरोप चुकला नव्हता.

अडीच वर्षांपूर्वी कॉलनीतल्या महिला मंडळानं गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी तपासणी शिबिर ठेवलं. त्या दिवसाची हकीकत मला वर्षाकडून आणि नंतर इतर बायकांकडून कळली. वर्षा स्वतः त्या आठवड्यात माहेरी गेली होती, तिनंही ऐकलेलंच सांगितलं. सभागृहात चाळीसच्या वर बायका जमल्या, पडदे लावले, डॉक्टर बाई आल्या, आणि मग कोणी उठेचना. प्रत्येकीला दुसरी आधी जायला हवी होती. कोणी म्हणे दुखतं, कोणी म्हणे मला काही त्रासच नाही तर कशाला, एक जण तर चपला घालून निघाली. वहिनींनी तिची चप्पल काढून घेतली आणि म्हणाल्या, चला, मी जाते. मुग्धा झाल्यानंतर, म्हणजे सव्वीस वर्षांत, त्या असल्या तपासणीला कधी गेल्या नव्हत्या. आत गेल्या, बाहेर आल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "दोन मिनिटं. पोह्याचा कांदा पण चिरून होत नाही तेवढ्यात." त्यानंतर रांग लागली. त्या दिवशी एकूण एक्केचाळीस बायकांची तपासणी झाली. रजिस्टरात पहिला क्रमांक वहिनींचा.

नावं आधार कार्डावरून उतरवत होते. वहिनींचं कार्ड देपालपुरात झालेलं होतं. त्यांच्या आईच्या शेवटच्या आजारपणात त्या चार महिने तिथे होत्या, तेव्हा शाळेत आधारचं शिबिर लागलं, आणि जन्मतारखेचा पुरावा म्हणून त्यांच्याजवळ मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं. त्यामुळे कार्डावर नाव माहेरचं. बदलून घेऊ, बदलून घेऊ, असं दादा दरवर्षी म्हणायचा. रजिस्टर लिहिणाऱ्या सिस्टरनी कार्डावरचं पहिलं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि फोन नंबर विचारला. वहिनींनी पाठ असलेला एकमेव नंबर सांगितला. सिस्टर सगळ्यांना सांगत होत्या की काही निघालं तर फोन येईल.

तीन आठवड्यांनी फोन आला. दुपारची वेळ होती, कारखान्यात बाहेरची माणसं तपासणीला आली होती, मशिनांचा आवाज होता. एका बाईंनी विचारलं, "सुलभा जी से बात हो जाएगी?" मी म्हटलं, राँग नंबर. दोन दिवसांनी पुन्हा तोच आवाज, तोच प्रश्न. या खेपेला मी विचारलं, काय काम आहे. त्या म्हणाल्या, ते त्यांनाच सांगायचं आहे. मला वाटलं, फसवणुकीचे फोन येतात त्यातलाच हा एक. तरी त्या बाईंनी नंबर वाचून दाखवला. दहाही आकडे बरोबर होते. मी म्हणालो, "मॅडम, नंबर मेरा है, लेकिन इस नाम का यहाँ कोई नहीं है. आप अपना रजिस्टर ठीक कर लीजिए." त्या "सॉरी सर" म्हणाल्या. संध्याकाळी जेवताना मी वर्षाला हे सांगितलंही, की लोक साधं रजिस्टर नीट ठेवत नाहीत.

महिन्याभरानं मंडळाच्या चिटणीस बाईंनी रिपोर्टचे लिफाफे वाटले. अनुराधा नावाचा लिफाफा नव्हता. वहिनी म्हणाल्या, फोन नाही आला म्हणजे सगळं ठीक असेल, कागद गेला असेल इकडे तिकडे. शिबिरातल्या एक्केचाळीस जणींपैकी दोघींना पुढच्या तपासणीसाठी बोलवायचं होतं, त्यांचे लिफाफे केंद्रावरच ठेवलेले होते. दुसऱ्या बाई म्हणजे ज्यांची चप्पल वहिनींनी काढून घेतली होती त्या. त्यांना फोन लागला. लहानशा उपचारात त्यांचं भागलं. त्या आज बऱ्या आहेत, आणि त्या बऱ्या आहेत याचा मला मनापासून आनंद आहे, हे इथे लिहून ठेवतो.

पावणेदोन वर्षांनी वहिनींना रक्तस्राव होऊ लागला. पाळी बंद होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यांनी हे फक्त वर्षाला सांगितलं. वर्षा म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ. वहिनी म्हणाल्या, "अगं, तपासणी झालीये ना माझी. काही असतं तर फोन आला असता." हे वाक्य त्या पुढचे पाच महिने बोलत राहिल्या. वर्षाला बोलल्या, मुग्धाला बोलल्या, दादाला कळलं तेव्हा त्यालाही बोलल्या. आमच्या कारखान्यात तपासणीचा कागद येईपर्यंत पेटीवर पिवळं लेबल असतं, होल्डचं, म्हणजे माल थांबवून ठेवल्याचं. नुसती तपासणी झाली याला काही अर्थ नसतो, निकाल हातात यावा लागतो. मी सव्वीस वर्षं हेच करतो. आणि वहिनी रविवारी पोहे वाढताना तपासणी झालीये म्हणाल्या, तेव्हा मी निकाल कुठे आहे हे विचारलं नाही. तो बायकांचा विषय होता... मी वर्तमानपत्र वर केलं.

इस्पितळात नेलं तेव्हा आजार पुष्कळ पसरला होता. डॉक्टरांनी विचारलं, याआधी कधी तपासणी झाली होती का. वहिनींनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तो जुना रिपोर्ट मिळाला तर बरं. कागद आणायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी सुट्टी टाकून शिबिर घेणाऱ्यांच्या केंद्रावर गेलो. खिडकीशी बसलेल्या सिस्टरना शिबिराचा दिवस आणि कॉलनी सांगितली, अनुराधा हे नाव सांगितलं. त्यांनी रजिस्टरावरून बोट फिरवलं आणि नाही म्हणाल्या. मी म्हटलं, असणारच, त्या तर पहिल्या होत्या. त्यांनी पान माझ्याकडे वळवलं. क्रमांक एक. सुलभा, वय एक्कावन्न. पुढे माझा नंबर. शेरा लाल शाईत : दो बार कॉल किया, नाम गलत बताया.

मी तो नंबर एकेक आकडा करत वाचला, माप वाचतो तसा. कुठेतरी एखादा आकडा चुकलेला निघेल अशी मला आशा होती. सिस्टरनी विचारलं, "आप जानते हैं इनको?" त्यांचा आवाज मी ओळखला. त्यांनी माझा ओळखला की नाही, मला माहीत नाही. मी म्हटलं, भाभी हैं मेरी. त्यांनी कपाटातून लिफाफा काढून दिला. तो बंदच होता.

डॉक्टरांना मी सरळ विचारलं, तेव्हा हे कळलं असतं तर? ते म्हणाले, तेव्हा काय झालं असतं ते छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही, पण ही तपासणी करतात ती त्यासाठीच.

दादाला मी त्याच दिवशी सांगितलं.  तो म्हणाला, तिला सांगू नकोस, आता सांगून काय होणार. वर्षाचं म्हणणं उलट होतं. ती म्हणाली, ताईंनी जन्मभर तुमच्या सांगण्यावर विश्वास ठेवला, आणि ही एकच गोष्ट तुम्ही लपवणार का. चार दिवस मी रोज डबा घेऊन जात होतो, खुर्चीवर बसत होतो आणि परत येत होतो. वहिनी मला रोज विचारत, रिपोर्ट मिळाला का हो. मी म्हणे, शोधतायत. एकतीस वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं.

पाचव्या दिवशी दुपारी मी सांगितलं. त्यांनी विचारलं, फोन किती वेळा आला. मी म्हटलं, दोनदा. "काय म्हणालात तुम्ही?" मी दोन्ही वेळचं जसंच्या तसं सांगितलं, रजिस्टर ठीक करण्याचं वाक्यही. त्यांनी भिंतीकडे कूस बदलली. हात उशीखाली घेतला. मग म्हणाल्या, "आज घरी जा, भाऊजी."

पुढचे तीन दिवस मी डबा दारातच मुग्धाकडे देत राहिलो. चौथ्या दिवशी कारखान्यात फोन वाजला. वहिनी होत्या, स्वतः. म्हणाल्या, "ओळखलंत का, की राँग नंबर?" मी सुट्टीचा अर्ज न देता निघालो.

मी जाऊन बसलो. त्यांना बोलताना दम लागत होता. म्हणाल्या, राग आहे, आणि तो पाच मिनिटांत जाणारा नाही. "तेवढे दिवस पण नाहीत मला, तो जायला. असू दे. पण दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर जास्त झोंबलं असतं." मग त्यांनी मला दोन कामं सांगितली. वर्षाला तपासणीला न्यायचं आणि मुग्धालाही. आणि नुसतं नेऊन यायचं नाही, निकालाचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा. मी हो म्हटलं. थोडा वेळ त्या डोळे मिटून पडल्या, मला वाटलं झोप लागली. मग म्हणाल्या, "आई गेल्यापासून त्या नावानं मला कोणी हाक मारली नाही. बारा वर्षं झाली. तो फोन मला मिळता तर त्या सिस्टरबाईंनी तरी घेतलं असतं की नाही ते नाव... सुलभा जी." पुढे म्हणाल्या, "तुम्ही म्हणून बघा बरं एकदा."

मी प्रयत्न केला. नाव साधं, तीन अक्षरांचं. पण ज्यांच्यापुढे मी अठरा वर्षांचा होतो तेव्हापासून बसत आलो, त्यांना नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. तोंडातून वहिनीच निघालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "राहू द्या. नापास." आणि किंचित हसल्या. त्यानंतर अकरा दिवसांनी त्या गेल्या.

दिलेली दोन्ही कामं मी केली. वर्षाची तपासणी झाली, मुग्धाची झाली. मी दोन्ही वेळा बाहेर बाकावर बसलो होतो. वर्षानं फॉर्मवर सवयीनं माझा नंबर लिहिला होता, तो मी खोडायला लावला आणि तिचा लिहायला लावला. दोन्ही निकाल चांगले आले. दोन्ही कागद मी वाचले, पुन्हा वाचले, खालची सही पाहिली. वर्षा म्हणाली, आता तरी पुरे. घरी आल्यावर मी तिला तिचं माहेरचं नाव विचारलं. लग्नाला बावीस वर्षं झाली आमच्या. ती म्हणाली, माझं बदललंच नव्हतं, मी नाही म्हणाले होते, तुम्हांला आठवत नाही का? मला आठवत नव्हतं.

मागच्या रविवारी दादाकडे गेलो. मुग्धा सासरी परत गेली आहे. दादा आता एकटाच असतो. पोहे त्यानं स्वतः केले होते. मीठ जास्त होतं, आम्ही दोघांनी ते बोलून दाखवलं नाही. खाऊन झाल्यावर तो भांडी घासायला लागला, मी विसळायला त्याच्या शेजारी उभा राहिलो. स्टीलचे पेले. एकतीस वर्षं मी त्याच पेल्यांतून त्या घरात पाणी पीत आलो आहे. खिडकीतून ऊन येत होतं आणि पेला तिरका धरला होता, म्हणून काठाखाली मशिननं टोचलेले ठिपके दिसले. झिजून पुसट झाले आहेत, बोट फिरवलं तर कळतात. देपालपूरहून आईवडिलांनी भांडी देताना घातलेलं नाव. सुलभा. मी दुसरा पेला पाहिला, तिसरा पाहिला. सहाही पेल्यांवर आहे. तांब्यावर आहे. ज्या परातीत त्या कणीक मळत आणि जिच्यापुढे बसून मी गणितं सोडवली, तिच्या कडेवर आहे.

दादा म्हणाला, "काय बघतोस रे?"  मी एक पेला भरून घेतला आणि तिथेच उभ्यानं प्यायलो, अंगठा त्या अक्षरांवर ठेवून. मग तो विसळून, नाव पुढे येईल असा, फळीवर ठेवला... आणि हलक्या आवाजात, दादाला पाण्याच्या आवाजात ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या, ते नाव एकदा म्हटलं.